आकडा वाचणारं कुणी आहे का?

ईव्हीएसचा प्रोजेक्ट कसा होतो, हे कुठल्याही कॉलेजात वेगळं सांगावं लागत नाही. सीनियरची फाइल मिळवायची, पहिलं पान बदलायचं, 'प्लास्टिकचा भस्मासुर' हा विषय तसाच ठेवायचा, नदीचा एक फोटो चिकटवायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि सबमिशनच्या दिवशी सही घ्यायची. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांना तो लागू केला. सक्ती झाली, सहीही झाली. फाइल मात्र कुणी उघडून वाचली नाही.

आता हीच फाइल दोनशे-तीनशे पानांची करा, गुळगुळीत कागदावर छापा, कव्हरवर हिरवं पान आणि हसणारी शाळकरी मुलं टाका. झाला एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल! त्यात 'शाश्वतता' नावाचा एक भाग असतो. कंपनीने वर्षभरात वीज किती वापरली, पाणी किती उपसलं, धूर किती सोडला, कचरा कुठे टाकला, याचे तक्ते त्यात असतात. हे तक्ते भरणं आता कायद्याने बंधनकारक आहे. ते वाचणं कुणालाच बंधनकारक नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण यातली एक गोष्ट थेट तुमच्या वाट्याला येणार आहे. 'ईएसजी ॲनालिस्ट', 'सस्टेनेबिलिटी ट्रेनी' अशी पदं आता कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत दिसतात. बीकॉम, इंजिनीअरिंग, पर्यावरणशास्त्र, अगदी मास कम्युनिकेशनवाल्यांनाही ही दारं उघडी आहेत. म्हणजे हे तक्ते उद्या तुम्हीच भरणार. म्हणून ते कसे भरतात आणि कसे वाचतात, हे दोन्ही आजच कळलेलं बरं.

सीएसआर वेगळं, हे वेगळं

आधी एक गोंधळ दूर करू. कंपनीने झाडं लावली, शाळेला बाकं दिली, आरोग्य शिबिर घेतलं, की आपण म्हणतो, 'बघ, पर्यावरणासाठी आणि समाजासाठी किती करतात!' ते सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते.

शाश्वततेचा अहवाल ही त्याहून अवघड गोष्ट आहे. नफा झाल्यावर त्यातले दोन टक्के कुठे दिले, हे सीएसआर सांगतं. तो नफा कमावताना काय जाळलं, किती पाणी ओढलं, कुणाला किती पगार दिला, हे या अहवालात सांगावं लागतं. झाडं लावून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, दुसऱ्याचं नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'ने २०२१ मध्ये यासाठी एक साचा ठरवून दिला. त्याचं नाव बीआरएसआर. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो भरणं सक्तीचं झालं. त्यात नऊ तत्त्वं आहेत. पर्यावरणाचं तत्त्व सहावं. प्रत्येक तक्त्यात यंदाच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा आकडा द्यावा लागतो. हा अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. कुणाच्या परवानगीची गरज नाही, माहिती अधिकाराचा अर्जही नको.

कॉलेजच्या पार्किंगचं गणित

या अहवालांत 'स्कोप १, २, ३' असे शब्द येतात. घाबरायचं कारण नाही. आपल्या कॉलेजवरूनच बघू.

कॉलेजच्या आवारात जे थेट जळतं, ते स्कोप १. जनरेटरचं डिझेल, कँटीनचा गॅस, कॉलेजची बस. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरमागे ५७ किलोच्या आसपास.

बाहेरून विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २. धूर आपल्याकडे दिसत नाही, तो चंद्रपूर किंवा कोराडीच्या चिमणीतून निघतो. पण बटण आपण दाबलेलं असतं. देशाच्या ग्रिडमधून आलेल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला १०,००० युनिट वीज लागणारं कॉलेज असेल, तर वर्षाचे झाले सुमारे ८४ टन.

बाकी सगळं स्कोप ३. कॉलेजसाठी, कॉलेजमुळे, पण कॉलेजच्या मालकीबाहेर जे घडतं ते. फेस्टचे टी-शर्ट, कँटीनचा किराणा आणि मुख्य म्हणजे पार्किंगमधल्या दुचाकी. समजा, ५०० जण रोज अर्धा लिटर पेट्रोल जाळून येतात-जातात आणि वर्षातले २०० दिवस कॉलेज भरतं. म्हणजे ५०,००० लिटर पेट्रोल. एका लिटरमागे २.३ किलो धरले तरी ११५ टन. बघा, ज्या लाइटबिलावरून प्राचार्य नोटीस काढतात, त्यापेक्षा पार्किंगचा आकडा मोठा निघाला!

यावर प्राचार्य म्हणतील, 'गाड्या काय कॉलेजच्या आहेत का?' कंपन्याही नेमकं हेच म्हणतात. मोटार कंपनीचा कारखाना सोलरवर चालत असेल, पण तिने विकलेली गाडी पुढची पंधरा वर्षं पेट्रोल पिते. तो धूर स्कोप ३ मध्ये येतो. बीआरएसआरमध्ये पहिले दोन स्कोप सक्तीचे आहेत. तिसरा स्कोप 'लीडरशिप' म्हणजे ऐच्छिक रकान्यात आहे. अनेक उद्योगांत सगळ्यात मोठा असणारा आकडाच भरला नाही तरी चालतो. त्यामुळे एखादी कंपनी 'आम्ही कार्बन न्यूट्रल झालो' म्हणाली, की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या स्कोपपर्यंत?

भागाकाराची गंमत

दुसरा प्रश्न गणिताचा आहे. अहवालात 'तीव्रता' नावाची एक ओळ असते. एकूण उत्सर्जनाला उलाढालीने भागलं की ती मिळते. कल्पना वाईट नाही. कंपनी वाढली की धूरही वाढणार, तेव्हा एका रुपयामागे किती धूर, हे बघणं योग्यच.

पण एक उदाहरण घ्या. एका कंपनीचं उत्सर्जन १,००० टन, उलाढाल १०० कोटी. एक कोटीमागे १० टन. पुढच्या वर्षी मालाचे भाव वाढले, उलाढाल १२५ कोटींवर गेली आणि उत्सर्जन १,१०० टनांवर. आता एक कोटीमागे ८.८ टन. अहवालाच्या पहिल्या पानावर हिरव्या अक्षरात येईल, 'उत्सर्जन तीव्रतेत १२ टक्के घट!' यात खोटं काही नाही. पण हवेत गेलेला धूर १० टक्क्यांनी वाढलाय, आणि हवेला उलाढाल कळत नाही. एकूण आकडा त्याच तक्त्यात, दोन ओळी वर असतो. तो बघायचे कष्ट मात्र कुणीतरी घ्यायला हवेत.

अशीच आणखी एक जागा म्हणजे अहवालाची हद्द. हे आकडे फक्त मूळ कंपनीचे आहेत की उपकंपन्या धरून, हे सुरुवातीलाच लिहावं लागतं. सगळ्यात जास्त धूर काढणारा कारखाना उपकंपनीच्या नावावर असेल आणि अहवाल फक्त मूळ कंपनीचा असेल, तर तक्ता आपोआप स्वच्छ दिसतो.

पाणी कुठलं?

महाराष्ट्रातल्या वाचकाने तर एक तक्ता काही झालं तरी बघावा. तो पाण्याचा. कंपनीने वर्षभरात एकूण किती किलोलिटर पाणी घेतलं, हे सांगणं सक्तीचं आहे. पण त्यातलं किती पाणी टंचाईच्या भागातून घेतलं, हा तपशील पुन्हा ऐच्छिक रकान्यात.

हा फरक बारीक वाटेल. २०१६ चा उन्हाळा आठवा, किंवा घरच्यांना विचारा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. कोकणात पावसाळ्यात घेतलेलं एक लाख लिटर पाणी आणि मराठवाड्यात मे महिन्यात घेतलेलं एक लाख लिटर पाणी, हे बेरजेत सारखंच दिसतं. हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ते सारखं नसतं. देशभरातल्या कारखान्यांची एकच बेरीज देऊन कंपनी मोकळी होते, तेव्हा हा फरक तक्त्यातून गळून जातो. ऐच्छिक रकाना सक्तीचा व्हावा, अशी मागणी व्हायला हवी असेल, तर सुरुवात याच रकान्यापासून करावी.

तपासणारा हवा

आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायची सोय सेबीने केली आहे. 'बीआरएसआर कोअर' नावाच्या निवडक आकड्यांची बाहेरच्या माणसाकडून कसून तपासणी करून घ्यायची, असं २०२३ मध्ये ठरलं. २०२३-२४ साठी पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५०० आणि २०२६-२७ पर्यंत सगळ्या १,०००, असा टप्पा आहे. हा चांगला नियम आहे. तपासणीशिवायच्या कागदाचं काय होतं, हे आपण प्लास्टिकच्या बाबतीत पाहिलंय. जितकं प्लास्टिक बाजारात आणलं तितकं रिसायकल केल्याची प्रमाणपत्रं कंपन्यांनी विकत घ्यायची, अशी पद्धत सुरू झाली. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पडताळणी केली, तेव्हा मोजक्या कंपन्यांनी काढलेली सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. कागदावर जे प्लास्टिक रिसायकल झालं, ते नाल्यात तसंच पडून होतं.

पण नेमलेला तपासनीस पुरतो का? फोक्सवॅगनची गोष्ट यासाठी माहीत हवी. सप्टेंबर २०१५ मध्ये या जर्मन कंपनीला डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगातला अव्वल नंबर मिळाला होता. त्याच महिन्यात जगाला कळलं, की कंपनीने डिझेल गाड्यांमध्ये एक सॉफ्टवेअर बसवलंय. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. अशा गाड्या जगभरात १ कोटी १० लाख निघाल्या. पुढच्या महिन्यात कंपनीचं नाव त्या निर्देशांकातून काढलं गेलं.

हे पकडलं कुणी? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या टीमने. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन तरुण भारतीय संशोधक होते. ते काही भांडाफोड करायला निघालेले नव्हते. डिझेल गाड्या रस्त्यावर खरंच स्वच्छ आहेत का, एवढंच त्यांना मोजायचं होतं. गाडीच्या डिकीत यंत्रं आणि जनरेटर कोंबून ती मंडळी लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत गेली. एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट आले. आपल्या यंत्रातच बिघाड आहे असं समजून त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. यंत्र ठीक होतं. कंपनीचा कागद आणि रस्त्यावरचा धूर जुळत नव्हते, आणि हे विद्यापीठातल्या पोरांनी मोजून बघितलं म्हणून कळलं.

नट-बोल्टपर्यंत आलेला नियम

हा सगळा मोठ्या कंपन्यांचा मामला आहे, असंही आता राहिलेलं नाही. युरोपीय महासंघाने बाहेरून येणाऱ्या मालावर कार्बनचा हिशेब लावलाय. त्याला 'सीबॅम' म्हणतात. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते, १ जानेवारी २०२६ पासून खरा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन ही त्यातली क्षेत्रं. पोलादाच्या यादीत नट, बोल्ट आणि स्क्रूही आहेत. म्हणजे पंधरा-वीस कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्या एखाद्या काकांचा माल युरोपात जात असेल, तर तो बनवताना किती कार्बन निघाला, हे त्यांचा गिऱ्हाईक विचारणार. पैसे युरोपातला आयातदार भरतो हे खरं. पण आकडा मिळाला नाही, तर तिथे एक ठोकताळ्याचा आकडा धरतात आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. माल महाग पडला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातो.

त्या काकांची तक्रार ऐकली पाहिजे. एक गिऱ्हाईक एका नमुन्यात माहिती मागतो, दुसरा दुसऱ्या. सल्लागार नेमायला पैसे नाहीत. जगात सगळ्यात जास्त धूर ज्यांनी आधी काढला, तेच देश आता आपल्याकडे हिशेब मागतात, हा मुद्दाही रास्त आहे. आणि ही कागदपत्रं फार झाली, असं खुद्द युरोपलाही वाटतंय. २०२५ मध्ये त्यांनी आपल्याच कंपन्यांवरचे अहवालाचे नियम सैल करायला घेतले. आपल्याकडे सेबीनेही मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांची माहिती देण्याचा नियम पुढे ढकलून ऐच्छिक केला.

छोट्यांचं ओझं कमी व्हावं, याबद्दल दुमत नाही. एकच सोपा नमुना असावा, मराठीत असावा, आणि जिल्हा उद्योग केंद्रात तो भरून देणारं माणूस असावं. पण ओझं कमी करणं वेगळं आणि प्रश्नच न विचारणं वेगळं. मोठ्या कंपनीचा धूर पुष्कळदा पुरवठादाराकडे, कंत्राटदाराकडे सरकवलेला असतो. तिथला दिवा विझवला, तर अहवालात फक्त स्वच्छ हेड ऑफिस उरेल.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे ईव्हीएसचा प्रोजेक्ट खरा करा. वर्गातल्या चौघांनी आपल्या कॉलेजचा कार्बन हिशेब मांडायचा. महावितरणची बारा बिलं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, कँटीनचे सिलिंडर, पार्किंगमधली शंभर गाड्यांची पाहणी. वर दिलेले आकडे सुरुवातीला पुरेसे आहेत. कॉमर्सवाल्यांना हिशेब येतो, सायन्सवाल्यांना एककं कळतात, आर्ट्सवाले पाहणीतली उत्तरं काढून आणतील. एका सेमिस्टरचं काम आहे. आणि पुढच्या बॅचने तेच पुन्हा मोजलं, तर त्या फाइलला पहिल्यांदाच कुणीतरी वाचक मिळेल.

दुसरं, कॅम्पसला येणाऱ्या कंपनीचा अहवाल आधी वाचा. सगळा नको, सहाव्या तत्त्वाची पानं पुरे. एकूण उत्सर्जन गेल्या वर्षीपेक्षा वाढलं की घटलं, हद्द कुठवर आहे, पाणी कुठून घेतलं, तपासलं कुणी, हे चार प्रश्न. इंटरव्ह्यूच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' असं विचारतात, तेव्हा यातला एक विचारून बघा. निदान समोरच्याला तो तक्ता उघडावा तरी लागेल.

तिसरं, वस्तू विकत घेताना. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'कार्बन न्यूट्रल' असे शब्द वापरायचे असतील तर पुरावा हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. पाकिटावर नुसतं हिरवं पान असेल आणि खुलासा कुठेच नसेल, तर तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

चौथी गोष्ट नोकरी लागल्यावरची, आणि तीच सगळ्यात अवघड. मार्च संपलेला असेल, अहवालाची तारीख जवळ आलेली असेल, एखाद्या कारखान्याकडून पाण्याचं मीटर बंद असल्याचा मेल येईल. वरचे साहेब म्हणतील, 'गेल्या वर्षीचा आकडा घे आणि पाच टक्के कमी करून टाक. कोण बघतंय?' पहिल्याच नोकरीत, प्रोबेशनवर असताना, साहेबांना नाही म्हणणं सोपं नसतं. हुतात्मा व्हा, असं इथे कुणी सांगत नाही. पण 'मीटर बंद होतं, हा अंदाज आहे' एवढी एक तळटीप लिहिण्याचा आग्रह धरता येतो. साचा त्याची मुभा देतो. ती एक ओळ लिहायला धैर्य थोडंच लागतं. आणि तपासायला येणाऱ्याला कुठे बघायचं, हे तिच्यामुळे कळतं.

साहेबांच्या त्या 'कोण बघतंय?'ला आज खरं उत्तर नाही. हजार कंपन्या दरवर्षी हजारो पानं भरतात आणि ती वाचणारे मूठभर आहेत. नियम कडक करा, दंड वाढवा, हे सरकारला आणि सेबीला सांगत राहिलंच पाहिजे. पण खोटा आकडा लिहिताना हात थरथरायचा असेल, तर पलीकडे एक वाचक बसलाय, याची खात्री लिहिणाऱ्याला हवी. तो वाचक व्हायला पदवी लागत नाही. मोबाइल, कॅल्क्युलेटर आणि रिकामं लेक्चर एवढं पुरतं.